विश्लेषण : चीज-वाईनच्या घरगुती बैठकीत स्वस्त बाटली नाशिकचीच का असते? परदेशी वाईन खरंच स्वस्त होणार का?

शनिवारची संध्याकाळ. पुण्यातला एखादा टू-बीएचके, जमलेले पाच-सहा मित्रमैत्रिणी. टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या तीन-चार बाटल्या, एकीचीही किंमत हजाराच्या वर नाही. ताटलीत चीजचे क्यूब, थोडं महागाचं एखादं चीज, खारी आणि द्राक्षं. कोणती बाटली कोणती हे ओळखायचं, गुण द्यायचे आणि शेवटी कागद काढून एकमेकांवर हसायचं. 'बसायचं का?' या प्रश्नाचा अर्थ महाराष्ट्रात पिढ्यानपिढ्या एकच होता. मोठ्या शहरांतल्या काही घरांत आता त्या बसण्याची तऱ्हा बदलली आहे.

अशा बैठकांमध्ये गेल्या काही महिन्यांत एक विषय हमखास निघतो. भारत आणि युरोपीय महासंघ यांच्यातल्या मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा २७ जानेवारी २०२६ रोजी झाली. वाईनवरचं १५० टक्के आयात शुल्क टप्प्याटप्प्याने २० ते ३० टक्क्यांपर्यंत खाली येणार, ही त्यातली सोशल मीडियावर सर्वाधिक फिरलेली बातमी. त्यावरून लगेच निष्कर्ष निघाला, की आता फ्रेंच आणि इटालियन वाईन नाशिकच्या भावात मिळणार.

हा निष्कर्ष घाईचा आहे. परदेशी वाईन स्वस्त होईल, पण ती आधीच महाग असलेली वाईन असेल. खरोखरच्या स्वस्त बाटलीचं गणित वेगळं आहे. आणि त्या बाटलीसोबत खाल्लं जाणारं चीज तर या करारांच्या बाहेरच आहे.

'स्वस्त' म्हणजे नेमकं किती?

युरोपात सुपरमार्केटमधून तीन-चार युरोंची बाटली घेऊन जेवायला बसणं ही रोजची गोष्ट आहे. तिथे वाईन हा किराणा आहे. भारतात तीच बाटली चैनीच्या वस्तूंमध्ये मोडते.

देशातली सर्वांत मोठी वाईन कंपनी सुला विनयार्ड्स डिसेंबर २०२२ मध्ये शेअर बाजारात आली. त्या वेळच्या कागदपत्रांत बाजाराची विभागणी किमतीनुसार केलेली होती. ४०० रुपयांखालची बाटली 'पॉप्युलर', ४०० ते ७०० ची 'इकॉनॉमी', त्यावर 'प्रीमियम' आणि ९५० रुपयांपुढची 'एलिट'. म्हणजे हजार रुपयांची बाटली भारतात वरच्या वर्गात बसते. चलन बदलून पाहिलं तर साधारण तेवढ्याच किमतीची बाटली युरोपात मधल्या फळीवर ठेवलेली सापडेल.

मित्रांच्या बैठकीत येणारी वाईन बहुतेक वेळा ४०० ते ९५० या पट्ट्यातली असते. त्याखाली आहे ती 'पोर्ट' म्हणून विकली जाणारी गोड लाल वाईन. गोव्याहून परतताना सामानात एखादी बाटली टाकून आणायची पद्धत मराठी घरांना चांगलीच ठाऊक आहे. मात्र या पोर्टचा पोर्तुगालच्या पोर्टशी संबंध नावापुरताच. तिकडे वाईन आंबत असतानाच तिच्यात द्राक्षाचं मद्य घालून आंबणं थांबवतात, त्यामुळे द्राक्षातली साखर तशीच राहते आणि मद्यांश १९-२० टक्क्यांपर्यंत जातो. आपल्याकडच्या स्वस्त पोर्टचा गोडवा बहुतेकदा वरून घातलेल्या साखरेचा असतो. तरीही अनेकांची वाईनशी पहिली ओळख तिनेच करून दिली आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

करारांचा फायदा स्वस्त बाटलीला का मिळत नाही?

आधी या १५० टक्क्यांविषयी. २००७ पर्यंत वाईनवर मूळ आयात शुल्क १०० टक्के होतं आणि त्यावर केंद्राचं वेगळं अतिरिक्त शुल्क होतं. युरोप आणि अमेरिकेने त्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत धाव घेतली. जुलै २००७ मध्ये भारताने अतिरिक्त शुल्क मागे घेतलं, पण त्याच वेळी मूळ शुल्क १५० टक्क्यांवर नेलं. तेव्हापासून परदेशी वाईन भारतात महाग, हे समीकरण पक्कं झालं.

या भिंतीला पहिली मोठी खिडकी पाडली ती ऑस्ट्रेलियाबरोबरच्या कराराने. २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या या करारात वाईनसाठी किमान आयात किमतीची अट आहे. बाटलीची आयात किंमत किमान ५ डॉलर असेल, तर शुल्क लगेच १०० टक्क्यांवर आणि दहा वर्षांत ५० टक्क्यांवर येतं. १५ डॉलर किंवा त्याहून अधिक असेल, तर लगेच ७५ आणि दहा वर्षांत २५ टक्के. पाच डॉलरच्या खालच्या बाटलीला मात्र कोणतीच सवलत नाही. तिला पूर्वीचेच १५० टक्के.

हिशेब करून पाहू. चार डॉलरच्या बाटलीवर सहा डॉलर शुल्क लागतं आणि ती बंदरावरच दहा डॉलरला पडते. पाच डॉलरची बाटली दहा वर्षांनी साडेसात डॉलरला पडेल. म्हणजे मुळात स्वस्त असलेली बाटली भारतात उतरल्यावर महाग ठरेल! १५ डॉलरच्या बाटलीला पूर्वी शुल्कासह साडेसदतीस डॉलर लागत, दहा वर्षांनी १९ डॉलरहून कमी लागतील. खरी सूट आहे ती इथे.

ही अट सहज राहून गेलेली नाही, ती मागून घेतलेली आहे. ऑस्ट्रेलिया किंवा दक्षिण युरोपातून प्रचंड प्रमाणात तयार होणारी स्वस्त वाईन आली तर नाशिक, सोलापूर, कर्नाटकातल्या वायनरीज तिच्यापुढे टिकणार नाहीत, ही भीती त्यामागे आहे. युरोपीय महासंघाच्या करारातही सवलत किमतीच्या पट्ट्यांनुसार ठरवली आहे आणि महागड्या वाईनला ती अधिक आहे. शिवाय घोषणा झाली म्हणजे शुल्क उतरलं असं नसतं. दोन्ही बाजूंच्या मंजुऱ्या आणि त्यानंतरचे वर्षांचे टप्पे हा लांबचा रस्ता आहे.

आणि हे झालं फक्त बंदरापर्यंतचं. मद्य वस्तू व सेवा कराच्या कक्षेत नाही. बाटली राज्यात शिरली की राज्याचे कर, परवाना शुल्क, आयातदार, वितरक आणि दुकानदार यांचे वाटे त्यात मिळवले जातात. त्यामुळेच तीच बाटली मुंबईत एका भावाने आणि पणजीत दुसऱ्या भावाने मिळते.

मग चीजचं काय?

चीजची गोष्ट उलटी आहे. ऑस्ट्रेलिया असो, स्वित्झर्लंड-नॉर्वे यांचा 'एफ्टा' गट असो किंवा युरोपीय महासंघ, दुग्धजन्य पदार्थ भारताने एकाही करारात खुले केले नाहीत. कारण उघड आहे. दोन-चार जनावरं राखून डेअरीला दूध घालणारी कोट्यवधी कुटुंबं हा कोणत्याही सरकारसाठी नाजूक विषय आहे.

त्यात आणखी एक अडथळा आहे, ज्याची चर्चा कमी होते. भारतात आयात होणाऱ्या चीजमध्ये प्राणिजन्य रेनेट चालत नाही. रेनेट म्हणजे दूध साकळवणारं विकर, जे परंपरेने वासराच्या जठरातून काढलं जातं. इटलीचं प्रसिद्ध पार्मिजानो रेज्जानो त्याच्या स्वतःच्या नियमानुसार वासराच्या रेनेटनेच बनवावं लागतं. म्हणजे त्याचा नियम एक सांगतो आणि आपला नियम नेमका त्याच्या उलट. शुल्क शून्यावर आणलं तरी ही अडचण संपत नाही.

देशी चीजला मात्र अलीकडेच दिलासा मिळाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून चीजवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. म्हणजे टेबलावरच्या ताटलीचा कर दिल्लीत ठरला आणि कमी झाला, तर शेजारच्या बाटलीचा कर मंत्रालयातच ठरत राहिला.

भारतात चीज म्हणजे प्रामुख्याने प्रोसेस्ड चीज आणि पिझ्झासाठीचं मोझरेला. पण पुणे जिल्ह्यात मंचरला मोठ्या प्रमाणावर चीज बनतं, पुण्यातल्याच एबीसी फार्म्सने अनेक वर्षांपूर्वी युरोपीय पद्धतीची चीज बनवायला घेतली आणि मुंबईच्या एलेफ्थेरियासारख्या छोट्या उत्पादकांनी जागतिक स्पर्धांमध्ये पदकं मिळवली आहेत. हे चीज क्यूबपेक्षा बरंच महाग असतं. अनेक बैठकांमध्ये ताटलीचा खर्च बाटलीच्या पुढे जातो तो त्यामुळेच.

चीजमुळे स्वस्त वाईन खरंच चांगली लागते का?

युरोपातल्या वाईन व्यापाऱ्यांमध्ये एक जुना संकेत आहे. वाईन विकत घेताना सोबत सफरचंद खावं, विकताना गिऱ्हाइकाला चीज द्यावं. सफरचंदाने वाईनचे दोष उघडे पडतात, चीजने ते झाकले जातात.

याला विज्ञानाचा आधारही आहे. तांबड्या वाईनमध्ये टॅनिन असतात. कच्च्या केळ्याने किंवा जास्त उकळलेल्या चहाने जीभ जशी ओढल्यासारखी होते, तसा तुरटपणा ते देतात. लाळेतल्या प्रथिनांना टॅनिन चिकटतात म्हणून तोंड कोरडं पडतं. चीजमधली प्रथिनं आणि चरबी त्यांना आधीच गाठतात, त्यामुळे तुरटपणा कमी जाणवतो. २०१६ मध्ये फ्रान्समधल्या दिजाँच्या संशोधकांनी नेहमी वाईन पिणाऱ्या ३१ जणांवर चार वाईन आणि चार चीजचा प्रयोग केला. चीज खाल्ल्यावर वाईनची पसंती एक तर वाढली किंवा होती तेवढीच राहिली. कोणत्याही चीजने ती घटवली नाही.

त्याआधी २००६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या अभ्यासाने याची दुसरी बाजू दाखवली होती. प्रशिक्षित चाखणाऱ्यांना आढळलं, की चीजमुळे तुरटपणा दबतो, पण त्यासोबत वाईनचे इतर गंधही दबतात. म्हणजे चीज चांगल्या-वाईटात भेद करत नाही, दोन्ही झाकतं. स्वस्त वाईनसाठी हा फायद्याचा सौदा आहे. महागडी बाटली मात्र खाऱ्या क्यूबसोबत उघडणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

किमतीचा प्रश्न याहून मजेशीर आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १.६५ ते १५० डॉलरच्या वाईन लेबल झाकून लोकांना दिल्या गेल्या. सहा हजारांहून अधिक नोंदी जमल्या. वाईनचं शिक्षण न घेतलेल्या लोकांना महाग वाईन सरासरीने किंचित कमीच आवडली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या आणखी एका प्रयोगात एकच वाईन दोनदा दिली गेली, एकदा १० डॉलरची म्हणून आणि एकदा ९० ची म्हणून. ९० डॉलर ऐकल्यावर ती जास्त आवडली आणि मेंदूतला आनंदाशी निगडित भागही अधिक सक्रिय दिसला.

वर्तमानपत्रात बाटल्या गुंडाळण्याचा खेळ म्हणूनच पोरकट नाही. लेबल झाकलं की किंमत चाखता येत नाही.

नाशिकच्या शेतकऱ्यासाठी यात काय आहे?

ही सगळी हौसेची चर्चा ज्यांच्या पोटाशी जोडलेली आहे, ते दिंडोरी, निफाड, नाशिक तालुक्यांत आहेत.

वाईनचं द्राक्ष आणि खायचं द्राक्ष ही दोन वेगळी पिकं आहेत. थॉमसन किंवा सोनाका या खाण्याच्या जाती बिनबियांच्या, मोठ्या मण्यांच्या. शिराझ, कॅबर्नेट सोव्हिन्याँ, शेनिन ब्लाँ या वाईनच्या जातींचा मणी लहान, साल जाड आणि आत बिया. छाटण्या दोन्हीकडे दोनच, एप्रिलची खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची फळछाटणी. फरक पडतो तो विकताना. खायच्या द्राक्षाला भाव मिळाला नाही तर बेदाणा करता येतो, व्यापारी बदलता येतो. वाईनच्या द्राक्षाला वायनरीशिवाय गिऱ्हाईकच नाही. म्हणून ही शेती बहुतांशी कराराने होते आणि शेतकऱ्याचं नशीब एका कंपनीच्या विक्रीला बांधलेलं असतं.

हे बांधलेपण काय करू शकतं, ते २००८-०९ च्या मंदीनंतर दिसलं. मागणी घसरली, एका मोठ्या कंपनीचे व्यवहार कोसळले आणि अनेकांच्या द्राक्षांना घेणारा उरला नाही. उभ्या वेली उपटून टाकाव्या लागल्या. वेल लावल्यापासून नीट उत्पन्न हाती यायला दोन-तीन वर्षं जातात. त्यामुळे तो निव्वळ एका हंगामाचा तोटा नव्हता.

राज्याने या उद्योगाला हात दिलेला आहे. २००१ मध्ये महाराष्ट्राने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं. पुढे वाईनवरच्या २० टक्के व्हॅटपैकी १६ टक्के वायनरीला परत देण्याची योजना आली, मध्ये ती थांबली आणि २०२४ मध्ये पुन्हा सुरू करण्यात आली. सहाशे-सातशे रुपयांची देशी बाटली टिकून आहे, त्यात या परताव्याचा वाटा मोठा आहे. तो बंद झाला तर करार असो-नसो, सर्वांत आधी मार खाईल ती स्वस्त बाटलीच.

युरोपीय करारानंतरचा धोका थोडा वेगळा आहे. किमान किमतीच्या अटीमुळे स्वस्त वर्गाला संरक्षण आहे, पण देशी कंपन्यांचा नफा वरच्या वर्गात आहे. सुलाने गेल्या काही वर्षांत भर दिला तो एलिट आणि प्रीमियमवर. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला मोहिते-पाटील कुटुंब आणि इटालियन भागीदारांनी उभी केलेली फ्रातेली पहिल्यापासून त्याच वर्गाकडे पाहत आली. परदेशी बाटली १५००-२००० रुपयांना मिळू लागली, तर टक्कर नेमकी तिथे होईल. वरचा नफा आटला की कंपनी द्राक्षाचा भाव दाबणार, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

सुपरमार्केटमधली वाईन कुठे अडली?

योगायोगाने तारीख तीच होती. २७ जानेवारी २०२२ रोजी उद्धव ठाकरे सरकारच्या मंत्रिमंडळाने किमान एक हजार चौरस फुटांच्या सुपरमार्केटमध्ये वेगळ्या कपाटातून वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. शाळा आणि प्रार्थनास्थळांजवळ बंदी, दारूबंदीच्या जिल्ह्यांत बंदी, अशा अटी होत्या. शेतकऱ्यांच्या द्राक्षाला बाजार मिळेल, हा सरकारचा दावा होता. भाजपने कडाडून विरोध केला. संजय राऊत यांनी वाईन म्हणजे दारू नव्हे अशी भूमिका घेतल्यावर वाद आणखी पेटला. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि सरकारने लोकांच्या हरकती-सूचना मागवण्याचं मान्य केल्यावर तो मागे ठेवला. जूनमध्ये सरकारच गेलं आणि निर्णय कागदावर राहिला.

विरोधकांचा मुद्दा पोकळ नव्हता. वाईनमध्ये १२-१३ टक्के मद्यांश असतो, म्हणजे बिअरच्या दुपटीहून अधिक. दारूने घरं उद्ध्वस्त झालेली पाहिलेल्या बाईला 'ही वेगळी' हे पटवणं सोपं नाही, आणि पटवायची गरजही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे, की मद्याचं कोणतंही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित मानता येत नाही. पण वाईन किराण्यात आली नाही म्हणून ती विकली जायची थांबली, असंही झालेलं नाही. महाराष्ट्रात देशी-विदेशी मद्याच्या दुकानाला 'वाईन शॉप' म्हणतात आणि त्याच दुकानात वाईनची जागा बहुधा कोपऱ्यातली, गरम दिव्याखाली उभी करून ठेवलेली. व्हिस्कीला त्याने फारसा फरक पडत नाही. वाईन मात्र उष्णतेने लवकर बिघडते. स्वस्त वाईन 'वाईट लागते' या तक्रारीत द्राक्षाचा दोष किती आणि दुकानाच्या फळीचा किती, हे वेगळं काढायला हवं.

घरी चाखायची तर काय लक्षात ठेवावं?

कायदा आधी. महाराष्ट्रात वाईन आणि बिअरसाठी किमान वय २१ आहे, कडक मद्यासाठी २५. दारू पिण्याचा परवाना हाही नियमाचा भाग आहे, बहुतेकांना तो आठवत नसला तरी. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत १५० मिलिलिटरचे पाच ग्लास होतात. सहा जणांत तीन बाटल्या म्हणजे प्रत्येकी अडीच ग्लास, आणि त्यानंतर गाडीच्या किल्लीला हात नाही.

तांबडी वाईन 'खोलीच्या तापमानाला' प्यावी, हा सल्ला युरोपातल्या १६-१८ अंशांच्या खोलीचा आहे. एप्रिलमधल्या पुण्याच्या किंवा ठाण्याच्या खोलीचा नाही. तांबडी बाटलीही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवली तर तिची मद्याची झणझण कमी होते. खाऱ्या प्रोसेस्ड चीजसोबत किंचित गोडसर शेनिन ब्लाँ सर्वांत सोपी, कारण मीठ आणि गोडवा एकमेकांना सावरतात. शेळीच्या दुधाचं चीज मिळालं तर सोव्हिन्याँ ब्लाँ. तरुण, तुरट शिराझसोबत मुरलेलं चेडर. आणि गोव्याच्या त्या गोड पोर्टची कीव करण्याआधी ती खारट ब्लू चीजबरोबर चाखून पाहावी. इंग्रज त्यांच्या स्टिल्टन चीजसोबत खरी पोर्ट पितात, त्यामागचं गणित हेच आहे.

चाखण्याचा क्रमही महत्त्वाचा. आधी वाईन नुसती, गुण लिहून ठेवायचे. मग चीजचा तुकडा, मग पुन्हा वाईन आणि पुन्हा गुण. दोन्ही रकान्यांत जिचे गुण सारखे राहिले ती बाटली चांगली. जिचे फक्त दुसऱ्या रकान्यात वाढले, तिथे श्रेय चीजचं.